काठी, साखळी आणि बांध

मोजणीच्या साखळीचा आवाज ज्याने लहानपणी एकदा ऐकला, तो पुढे विसरत नाही. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखा तो गोड नसतो आणि विहिरीवरच्या मोटेच्या साखळदंडासारखा जडही नसतो. ढेकळांवरून लोखंडी कड्या ओढल्या जाताना एक कोरडा खळखळाट होतो. १९९३ सालच्या वैशाखात, पैठण तालुक्यातल्या आमच्या शेतात, मी अकरा वर्षांचा असताना तो ऐकला. नुसता ऐकला नाही, तर त्या साखळीचे एक टोक माझ्या हातात होते. दुसरे टोक ज्याच्या हातात होते, त्याच्याशी बोलायची मला घरून बंदी होती.

तो माझा चुलत भाऊ. माझे आजोबा आणि त्याचे आजोबा सख्खे चुलत भाऊ. दोघांची शेते एकमेकांना लागून आणि मध्ये एक बांध. त्या बांधावर एक बाभूळ होती. बाभळीच्या शेंगा कोणाच्या शेळ्यांनी खायच्या, इथून बोलाचाली सुरू झाली आणि ‘तुम्ही बांध कोरला’, ‘नाही, तुम्हीच कोरला’ इथवर येऊन थांबली. थांबली म्हणजे बोलणेच थांबले. सात वर्षे दोन घरांत जाणेयेणे नव्हते. अखेर आजोबांनी हद्द कायम करून घेण्यासाठी मोजणीचे पैसे भरले.

त्या दिवशी काय झाले ते पुढे सांगतोच. पण शाळेत मुलांना इतिहास शिकवू लागल्यापासून तो दिवस मला निराळाच दिसू लागला आहे. आमच्या हातातल्या साखळीची एक कडी दुसऱ्या कडीत अडकत पार चार-पाचशे वर्षे मागे जाते, आणि मौज अशी की तिच्या पुष्कळशा कड्या आमच्याच या मुलखात घडलेल्या आहेत. वाचकहो, फराळाचे ताट जवळ घेऊन बसला असाल तर ती साखळी थोडी मागे ओढून पाहू या.

जमीन मोजण्याच्या आधी माणसाने वाट मोजली, आणि ती दिवसांनी मोजली. आमच्या पैठणचे अंतर दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने लिहून ठेवले आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या शतकातल्या ग्रीक वृत्तांतात तो व्यापारी सांगतो की, बरिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. आज नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते आणि पैठण ते तेर सुमारे १५०. दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटर. वाटेची वळणे धरली तर थोडे अधिक. लादलेल्या बैलाची चाल एवढीच. दिशा मात्र त्याने ढोबळ सांगितली आहे. तेर पैठणच्या नेमके पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. पण व्यापाऱ्याला कोनाशी काय करायचे? माल किती दिवसांत पोहोचेल आणि वाटेत किती मुक्काम पडतील, एवढेच त्याला कळायला हवे होते.

कोसाचेही तसेच. ‘क्रोश’ म्हणजे हाक, ओरडणे. हाक जिथवर ऐकू जाते तिथवरचे अंतर, असा त्या शब्दाचा जन्म. आता हाक कोणाची, वारा कुठला आणि ऐकणारा कोण, यावर कोस लहानमोठा होणारच. म्हणून एका गावचा कोस दुसऱ्या गावच्या कोसाशी जुळत नसे. वाटसरूचे त्यात फारसे बिघडत नाही. अर्धा कोस इकडचा तिकडे झाला तर पाय थोडे अधिक दुखतील, इतकेच.

शेताचे मात्र तसे नाही. शेत जितके मोठे ठरेल तितका सारा मोठा आणि जितके लहान ठरेल तितका हिस्सा लहान. तिथे बोटभर चूक झाली तरी ती कोणाच्या तरी ताटातली भाकरी कमी करते. म्हणून जमीन मोजायची वेळ आली की पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसतो. ‘कोणाच्या हाताने?’ हा असतो.

‘हात’ हा शब्द मी मुद्दामच वापरला. बोट, मूठ, वीत, हात, पुरुष ही आपली सारी जुनी मापे माणसाच्या अंगावरचीच आहेत. बाजारात जायला नको, विसरायला नको, चोरीला जायची भीती नाही. दोष एकच, प्रत्येकाचा हात निराळा. आमच्या शाळेत मी दरवर्षी एक खेळ घेतो. वर्गाची लांबी पाच मुलांनी आपापल्या हाताने मोजायची. पाच उत्तरे येतात आणि पाचही जण शपथेवर सांगतात की आपलेच बरोबर. मग मी विचारतो, “यातल्या कोणाच्या हाताने तुमच्या बापाची जमीन मोजू?” वर्ग एकदम गप्प होतो.

या प्रश्नाचे उत्तर छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यात कसे दिले गेले, ते सभासदाच्या बखरीत आहे. काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा आणि काठीची एकूण लांबी ८२ तसू, असे माप ठरवून दिले होते. म्हणजे नाव हाताचे आणि मुठीचेच राहिले. पण तो हात आता कोणा पाटलाचा किंवा कुलकर्ण्याचा राहिला नाही, तो तसूंत बांधला गेला. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तो यांनी गावोगावची जमीन या मापाने पाहिली आणि पिकाचे पाच भाग करून तीन रयतेचे आणि दोन सरकारचे, असा हिशेब बसवला. उंच माणसाचा हात आणि बुटक्या माणसाचा हात त्या काठीपुढे सारखेच झाले. माझ्या मते मोजणीच्या इतिहासातले सगळ्यात मोठे पाऊल हेच, की माप माणसाच्या अंगावरून काढून काठीवर ठेवायचे.

हे पाऊल आमच्या मुलखात त्याच्याही आधीपासून पडत होते. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी पूर्वी खडकी नावाचे गाव होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये तिथे शहर वसवले. पुढे त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले, १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आल्यावर ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये आजचे नाव आले. मलिक अंबर मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेला, हातांमागून हात बदलत दख्खनेत आला आणि एका राज्याचा कर्ता पुरुष झाला. लोक त्याला गनिमी काव्यासाठी आणि नहरीसाठी ओळखतात. शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतून जमिनीखालच्या नळांनी पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, म्हणजे उंचीची मोजणी किती चोख लागत असेल! उतार थोडा चुकला की पाणी वाटेतच बसकण मारते. पाण्याला लाच देता येत नाही.

त्याच अंबराने जमीनमहसुलाची घडीही बसवली. साऱ्याची वसुली मक्तेदाराला लिलावाने विकण्याची चाल त्याने मोडली. मक्तेदार रयतेकडून मिळेल तितके ओरपीत असे. त्याला पुढच्या सालाची फिकीर कशाला? अंबराने वसुली गावाकडे आणि आपल्या कारकुनांकडे सोपवली. आधी पिकाचा दोन-पंचमांश भाग धान्यात घेतला आणि काही सालांचा अनुभव पाहून मग तो रोख रकमेत बदलला. ती रक्कम पिकाच्या सुमारे एक-तृतीयांश किमतीची असे. यात काठीने मोजणी किती झाली आणि उभे पीक नजरेने पाहून अंदाज किती बांधला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण रयतेला पेरणीच्या वेळीच ‘आपल्याला काय द्यायचे आहे’ याचा अदमास येऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे. पुणे परगण्यात दादोजी कोंडदेवांनी जी घडी बसवली, तिच्यामागेही मलिकअंबरी धाऱ्याचाच आधार होता, असे मानतात. अंबर १६२६ मध्ये वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे.

अंबर गेला, निजामशाही बुडाली, मुघल आले. लढायांत आणि दुष्काळात मुलूख ओसाड पडला होता. त्या वेळी औरंगजेबाबरोबर मुर्शिद कुलीखान नावाचा खुरासानी दिवाण दख्खनेत आला. उत्तरेत अकबराच्या काळी राजा तोडरमलाने जमाबंदीची जी रीत घातली होती, ती याने इथे आणली. तोडरमलाच्या रीतीतली एक गोष्ट मला फार आवडते. पूर्वी तिकडे जमीन दोराने मोजीत. दोर दमट हवेत आखडे आणि कोरडा पडला की लांबे. सकाळच्या दवात भिजलेल्या दोराने मोजले तर शेत मोठे भरे आणि साराही मोठा होई. दुपारच्या उन्हात तेच शेत लहान. एकाच शेताची दोन मापे, आणि दोन्हीच्या मध्ये मोजणाऱ्याचा खिसा! अकबराच्या अमदानीत हा दोर काढून टाकला आणि बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आली. पुढे ४१ बोटांचा इलाही गज ठरला आणि साठ गज लांब, साठ गज रुंद तो बिघा ठरला. बांबूला दवाचे काही वाटत नाही.

मुर्शिद कुलीखानाने दख्खनेत अमीन नेमले, जमिनी मोजवल्या, जिराईत आणि बागाईत वेगळे केले, पडलेल्या गावांतून पाटील बसवले, बैलांसाठी आणि बियाण्यांसाठी तगाई दिली. जिथे मोजणी जमणार नाही तिथे नांगरामागे ठरावीक सारा किंवा बटाई ठेवली. त्याच्याविषयी जुन्या इतिहासात एक गोष्ट नोंदलेली आहे. हाताखालचे लोक लबाडी करतील या भीतीने हा दिवाण पुष्कळदा स्वतः शेतात उतरे आणि मोजणीच्या जरिबेचे टोक आपल्या हाती धरी. चार सुभ्यांच्या हिशेबाचा धनी, पण रयतेच्या ढेकळांत उभा! १६५८ मध्ये धरमतच्या लढाईत तो मारला गेला. या शहरात त्याच्या नावाची कोणाला आठवण नाही. पण ते टोक हाती धरणारा दिवाण मी मुलांना दरवर्षी सांगतो. माप खरे असून भागत नाही, माप धरणारा हातही खरा लागतो.

हे किती खरे आहे, ते इंग्रजी अमलात फार महागात पडून कळले. पेशवाई गेल्यावर १८३० च्या सुमारास पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली. बुद्धिमान माणूस. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा कागदावर अगदी नीटस दिसणारा हिशेब होता. पण ते उत्पन्न ठरवणाऱ्या हाताखालच्या लोकांनी पैसे खाल्ले, वाईट जमीन चांगली लिहिली आणि चांगली वाईट. धारा झेपेना. शेतकरी जमिनी टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाले. शेते ओस पडली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने हाती घेतले, धारा उतरवला आणि तीस वर्षे तो वाढणार नाही असे वचन दिले. एका बैलजोडीला झेपेल एवढा जमिनीचा तुकडा, तो एक सर्वे नंबर. त्याच्या कोपऱ्यांवर दगड. मातीची प्रत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत, नऊ पायऱ्यांची. सोळा आणे जमीन कोणती? पावणेदोन हात खोल काळी माती. पाहा, साहेबाने साखळी आपली आणली, पण मातीची खोली मोजायला पुन्हा आमचा हातच घेतला!

ही साखळी कुठली? १६२० मध्ये एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची साखळी काढली. तेव्हा आमचा मलिक अंबर अजून हयात होता. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. मुंबई इलाख्याने त्या साखळीची अर्धी, ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे सोळा भाग करून त्यांना ‘आणे’ म्हटले. रुपयाचे आणे सोळा, साखळीचे आणे सोळा. शेतकऱ्याला दुसरे काही शिकवायला नको. तिला आपल्याकडे शंकूसाखळी म्हणतात. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. अशा १६० साखळ्या टाकल्या की एक मैल. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी आपल्या दिवाणगिरीत, १८७० नंतरच्या दशकात, याच धर्तीची मोजणी मराठवाड्यात सुरू केली. आमच्या शेतातला दगड त्या पिढीतला.

आता या साखळीची गंमत पाहा. कोणतेही वेडेवाकडे शेत घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ धरली की त्याचे त्रिकोण पडतात. त्या रेघेला पाया म्हणायचे. बाजूच्या कोपऱ्यापासून पायावर काटकोनात लंब टाकायचा. पाया गुणिले लंब भागिले दोन, हे सातवी-आठवीच्या मुलालाही येते. पाया २० साखळ्या आणि लंब ८ साखळ्या असेल तर गुणाकार १६०, त्याचे अर्धे ८०. म्हणजे ८० गुंठे, म्हणजे दोन एकर. फुटांचा, वारांचा घोळ नाही. साखळ्यांच्या गुणाकारातून गुंठे आपोआप उतरतात. काटकोन साधायला लाकडी फळीवर फुलीसारख्या दोन खाचा पाडलेले साधन असे. एका खाचेतून पायाची रेघ पाहायची, दुसरीतून कोपरा. तेही नसेल तर दोरी पुरे. दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणला की तीन आणि चारच्या मध्ये काटकोन उभा राहतो. आमच्या गावचा गवंडी घराचा पाया आखताना अजून हेच करतो. हे भूमितीतले प्रमेय आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

साखळीत चूक शिरायला वाटाही पुष्कळ. वापरून वापरून कड्या झिजतात आणि साखळी लांबते. चार इंचांनी लांबली तर लांबीत शंभरात एक चूक होते, पण क्षेत्रात ती दुप्पट. लांबलेल्या साखळीने शेत लहान भरते, एकरामागे जवळजवळ तेरा आणे जमीन कागदावरून नाहीशी होते. उतारावर साखळी जमिनीला टेकवून मोजली तर शेत मोठे भरते. म्हणून ती हवेत आडवी धरून ओळंबा सोडावा लागतो. किती साखळ्या झाल्या हे विसरू नये म्हणून पुढचा गडी प्रत्येक साखळीला एक सळई रोवतो आणि मागचा ती उचलतो. दहा सळया मागच्याच्या हातात जमल्या की दहा साखळ्या झाल्या.

त्रिकोणाची हीच युक्ती एका माणसाने सबंध हिंदुस्थानावर चालवली. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा पोलादी साखळीने मोजली. साखळी तापून लांबू नये म्हणून तिच्यावर सावली धरीत आणि जवळ उष्णतामापक ठेवीत. पुढे कोन मोजत, एका त्रिकोणाला दुसरा जोडत तो उत्तरेकडे सरकला. पाया एकदा चोख मोजला की पुढच्या बाजू गणिताने निघतात. पण चूक साचत गेली नाही ना, हे पाहण्यासाठी मध्येच पुन्हा पाया मोजावा लागतो. तसा एक त्याने १८१५ मध्ये आमच्या शेजारच्या बिदरजवळ मोजला. वीस वर्षे तो चालत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. पृथ्वीचा आकार मोजायला निघालेला माणूस आपल्या मराठी मातीत तीन हातांच्या जागेत निजला आहे.

आता आमच्या शेतात परत येऊ.

मोजणीदार सकाळच्या एस.टी.ने उतरले. एका पोत्यात साखळी, खांद्यावर तिपाई, काखेत फळी आणि जुन्या टिपणाची नक्कल. बांधाच्या एका बाजूला आमची माणसे बसली, दुसऱ्या बाजूला त्यांची. मोजणीदारांनी दोन्हीकडे पाहिले आणि म्हणाले, “साखळीला मोठी माणसं नकोत. तुमच्यातला एक पोरगा द्या, त्यांच्यातला एक द्या.” म्हणून मी आणि माझा चुलत भाऊ. तो पुढे, मी मागे.

“ढिली सोडू नको रे. ताणून धर,” ते मला म्हणाले. साखळी ताणायची तर दोघांनाही सारखाच जोर लावावा लागतो, हे मला तेव्हा कळले. एकाने जास्त ओढले तर दुसरा ढेकळांत पडतो. एकाने ढिली सोडली तर मधे झोळ पडतो आणि माप चुकते. पाचव्या सळईला माझ्या पायात काटा गेला. भावाने मागे वळून पाहिले, साखळी खाली ठेवली आणि काही न बोलता काटा काढून दिला. बोलायची बंदी होती, काटा काढायची नव्हती.

दुपारी टिपणाप्रमाणे जागा निघाली. मोजणीदारांनी खूण केली तिथे खणले. हातभर खोल गेल्यावर पहार दगडावर वाजली. चौकोनी घडवलेला, मातीने माखलेला दगड. दोन्हीकडची माणसे उठून उभी राहिली. दगड बांधाखाली नव्हता. तो आमच्या शेतात होता, बांधापासून चार आणे आत, ज्वारीच्या धसकटांखाली.

म्हणजे बांध कोरला होता तो आम्ही.

दुसऱ्या टोकाचा दगड जागेवरच होता. त्यामुळे बारा साखळ्या लांब आणि एका टोकाला चार आणे रुंद अशी ती पाचर निघाली. बारा गुणिले पाव भागिले दोन, दीड गुंठा. सात वर्षांचा अबोला दीड गुंठ्यासाठी. मोजणीदार आजोबांना म्हणाले, “मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणत नाही, बाबा. नांगर दरवर्षी दीड इंच पलीकडं गेला, तरी चार आणे सरकायला सहासष्ट वर्षं लागतात. तुमच्या वडलांच्या वेळेपासून सरकत आला असेल.” हिशेब मी आता करून पाहिला आहे. चार आणे म्हणजे ९९ इंच. सहासष्टच होतात.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पंचनाम्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी वडलांना हाक मारली आणि दोघांनी जुना बांध फोडून दगडाच्या रेषेत नवा घातला. बाभूळ पलीकडे गेली. त्या वर्षीसुद्धा आजोबा चुलत भावाशी बोलले नाहीत. त्यांना ते जमले नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी आजीला फराळाचे ताट करायला सांगितले आणि ते माझ्या हाती देऊन म्हणाले, “जा. साखळीचं दुसरं टोक ज्यानं धरलं होतं, त्याच्या घरी दे.” मी ताट घेऊन बांध ओलांडला. परत आलो तेव्हा ताटात त्यांच्या घरच्या करंज्या होत्या.

आज साखळी मोजणी खात्याच्या कोपऱ्यात गंजत पडली आहे. सातबारावर हेक्टर आणि आर आले, जरी पारावर अजून एकर-गुंठेच चालतात. आकाशातल्या उपग्रहांकडून खूण घेणारी काठी मोजणीदार शेतात रोवतात आणि काही क्षणांत जागा सांगतात. २०२० पासून देशभर ड्रोन उडवून गावठाणांचे नकाशे करण्याची योजना सुरू झाली आहे. बोटादोन बोटांचीही चूक राहू नये असे हे यंत्र. मला त्याचे कौतुक आहे. दवाने आखडणारा दोर गेला, झिजून लांबणारी कडी गेली, हे फारच बरे झाले. तरीही मोजणीच्या आधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते आणि दोन्ही बाजूंनी बांधावर हजर राहावे असा नियम आहे. तो नियम जुना झाला असे मला वाटत नाही. आकाशातून मोजले तरी दगड जमिनीतच असतो आणि तो आपल्या बाजूला निघाला तर बांध हलवायला माणूसच लागतो.

या सुट्टीत गावी जाईन तेव्हा त्या दगडाशी जाणार आहे. भाऊही येतो म्हणाला आहे. बाभूळ आता नाही. तिच्या जागी त्याने लिंब लावला आहे, बरोबर बांधावर. सावली दोन्हीकडे पडते. ती अजून कोणी मोजलेली नाही.